मातीतल्या पोरावरची तक्रार

रुक्माबाईच्या पोराला माफ केलं तर उत्तमसिंगच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. त्यानं स्वतः पाहून घेतलंच होतं, मग आपण कशाला लाजायचं?

पहिली गोष्ट, नऊ घरं. देवसिंग नायकाच्या भावकीची ही नऊ घरं आजवर प्रार्थनाघराच्या अंगणातून शेळ्या हाकत जायची, पण आत डोकावायची नाहीत. देवसिंगची बायको रुक्माबाई, म्हणजे तांड्याची नायकीण, एकदा प्रार्थनाघराच्या टिनाखाली सतरंजीवर बसली की बाकीच्या बायका तिच्यामागं येणार, आणि बायकांमागं, आता भाकरी कोण टाकेल या काळजीनं का होईना, पुरुष येणार. दुसरी गोष्ट, नाव. ढाणकीच्या बाजारात लोक उत्तमसिंगला ‘पास्टर’ म्हणायचे. तांड्यात मात्र सहा महिन्यांचं बायबलचं शिक्षण घेऊन आल्यावरही तो ‘उत्तम्या’च होता, आणि ज्यांनी त्याला नागडा पाहिलेला ते म्हातारे तर मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचे. तिसरी गोष्ट, उमरखेडचे पाळक. ते वर्षातून दोनदा यायचे आणि सतरा डोकी पाहून काही न बोलता चहा प्यायचे. त्या न बोलण्यानं उत्तमसिंगची भूक आठ दिवस मरायची. चौथी गोष्ट तो मनातसुद्धा दबक्या आवाजात मोजायचा. ती म्हणजे बबिताचं तोंड. बायको नाताळापासून त्याच्याशी टोमण्यांतूनच बोलत होती. सगळं मिटलं तर तीही कदाचित मिटेल, अशी त्याला आशा होती.

आणि या सगळ्याच्या बदल्यात द्यायचं काय? एक वाक्य. ‘मी कपिलला माफ केलं.’ बस.

अडचण एवढीच होती की कपिलनं काही केलेलंच नव्हतं. हे दोघांनाच ठाऊक होतं, उत्तमसिंगला आणि बबिताला. तिसरा जो जाणत होता तो नाल्याच्या काठी, पळसाखाली, मातीत होता.

झालं होतं ते असं. नाताळच्या आदल्या दिवशी उमरखेडच्या चर्चच्या मंडळीनं भोंगा आणि अँप्लिफायर वापरायला दिला. घरच्या मीटरवर दाब कमी, भोंग्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा. उत्तमसिंगनं बांबूला तार बांधली आणि सरळ खांबावरच्या लाइनीवर आकडा टाकला. दोन गाणी झकास वाजली. तिसऱ्याला ठिणगी उडाली आणि अँप्लिफायरच्या जाळीतून धूर निघाला. आता पाळकांना सांगायचं काय? येशूच्या जन्मासाठी वीज चोरली म्हणून? त्यानं आकडा उतरवला, वायरचा जळका तुकडा पकडीनं तोडून उकिरड्यात दाबला, आणि फोन लावून सांगितलं की कोणीतरी चालू गाण्यात वायर कापली, झटका बसला, मशीन गेलं. पाळकांनी साधा प्रश्न विचारला, कोणी कापली? नाव जिभेच्या टोकावर तयारच होतं. दुपारी नायकाचा कपिल चार पोरांसमोर म्हणाला होता की मी भरतीची तयारी करून राह्यलो, भोंगा वाजला तर वायर कापून टाकीन.

म्हणाला होता. कापली नव्हती. गाणी वाजत होती तेव्हा तो ढाणकीच्या डांबरी रस्त्यावर एकटाच धावत होता, पोलीस भरतीच्या धावण्यासाठी. रस्त्याशिवाय त्याला साक्षीदार नव्हता.

फोनवर बोलायचं ते घरात बोलावं. उत्तमसिंग अंगणात बोलला आणि तिघांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तांड्यात कोणाला सांगायचं शिल्लक राहिलं नाही. त्याला तक्रार करायची नव्हतीच, पण देवसिंग नायकानं स्वतःच नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याच्या पंचांची बैठक. भांडण कुठलंही असो, पोलिसांआधी ते तिथं जातं. नायकाचंही आपलं एक गणित होतं. मुलाला सांभाळून घेतलं असं लोक म्हणाले की नायकी गेली. म्हणून त्यानं दुसऱ्याच्या पोराला जेवढं विचारलं असतं तेवढंही स्वतःच्या पोराला विचारलं नाही. कडक वागलं की न्याय आपोआप होतो, असं त्याला त्या दिवशी वाटलं असावं.

तांड्यात तक्रार मिटवायची रीत सोपी आहे. ज्याची चूक त्यानं गुळाचा खडा आणायचा, समोरच्याच्या पाया पडायचं आणि आपल्या हातानं तो खडा त्याला भरवायचा. त्यानं खाल्ला की तक्रार पोटात गेली. नंतर ती कोणी उकरायची नाही, दारू पिऊनसुद्धा नाही. कपिलच्या हातात त्याच्या काकानं गूळ दिला. तो एकदाच म्हणाला, “बा, मीनं नाही कापली.” देवसिंग म्हणाला, आधी पाया पड, मग बोल. पोरानं गुळाकडं पाहिलं, मग उत्तमसिंगकडं.

“उत्तमभिया, तू सांग. तुह्या डोळ्यानं पाह्यलं का मले?”

उत्तमसिंगच्या मांडीवर बायबल होतं. त्यानं ते उघडलं आणि जे पान निघालं ते वाचू लागला. पुढं कितीतरी दिवस त्याला आठवत नव्हतं की ते कोणतं पान होतं. कपिलनं गूळ पंचांच्या सतरंजीवर ठेवला आणि उठला. त्याच आठवड्यात तो वणीकडं, राजूरला गेला. एका ओळखीच्यानं त्याला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लावून दिलं. जानेवारीतल्या एका रविवारी उत्तमसिंगनं न्यायाच्या दिवसावर प्रवचन दिलं. देवाच्या कामाला जो हात लावील तोही मेल्यावर उठेल, पण उठेल तो न्यायासाठी, असं ठासून सांगितलं. नाव कोणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. एप्रिलमध्ये वळणावर ट्रक उलटला. कपिल परत आला तो रुग्णवाहिकेतून.

तांड्यात लग्न झालेल्याला जाळतात, बिनलग्नाच्याला पुरतात. कपिल एकवीस वर्षांचा होता, सोयरीक बघणं चालू होतं. त्याला पुरलं.

आता ही गोष्ट एरवी कोणाच्या लक्षात आली नसती. पण पोळ्यानंतरच्या रविवारी रुक्माबाई नेहमीसारखी नाल्याकडं निघाली होती, आणि टिनाखाली उत्तमसिंग योहानाचा पाचवा अध्याय वाचत होता. कबरेतली माणसं त्याची हाक ऐकतील आणि बाहेर येतील, चांगलं केलेली जीवनासाठी आणि वाईट केलेली न्यायासाठी, असा अर्थ तो समजावून सांगत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या रामधन बुढ्यानं मध्येच तोंड घातलं की आपलं बरं आहे, आपण जळून पैनगंगेत वाहून जाणार, आपल्याले कोण उठवते, उठायचं काम पोरासोरायचं. सगळे हसले. मग हसणारी तोंडं एकेक करून दाराकडं वळली. दारात रुक्माबाई उभी होती.

त्या अख्ख्या तांड्यात जिचं कोणीतरी वयात येऊन कबरेत आहे अशी ती एकटी होती.

“म्हणजे तो उठन,” ती म्हणाली. “उठल्यावर त्याले कोणत्या बाजूले धाडतीन?”

उत्तमसिंगनं पुढच्या रविवारचा वायदा केला. ती गेली. पण रुक्माबाई रविवारची वाट पाहत बसणारी बाई नव्हती. तिनं आयुष्यभर न्याय एकाच जागी होताना पाहिला होता, नवऱ्याच्या सतरंजीवर. तेव्हा देवाचा न्यायही तिनं त्याच सतरंजीवर मांडून पाहिला, आणि तिला वाट सापडली. मंगळवारी ती ताटात गूळ घेऊन तांडाभर फिरली. एकाच्या बैलाला कपिलनं लहानपणी शेपटी पिळून पळवलं होतं, त्याला गूळ. एकाच्या विहिरीवरची मोटार त्यानं न विचारता चालू केली होती, त्याला गूळ. एका पोरीकडं पाहून शीळ घातली होती, तिच्या आईला गूळ. लोकांनी खाल्ला. काहींना तर तक्रार आठवत नव्हती, तिनं आठवण करून दिली आणि मग भरवला. एका म्हातारीनं दोन खडे मागितले, म्हणाली त्यानं माझ्या दोन कोंबड्या दचकवल्या होत्या. रुक्माबाईनं दोन दिले.

सगळ्यांत शेवटी ती उत्तमसिंगच्या ओट्यावर आली. बबितानं पाणी दिलं ते तिनं घेतलं, पण बसली नाही.

“नसाबीत तक्रारदारानंच तक्रार सोडून देल्ली तं पंच काय करतीन? उठून घरी जातीन. तिथं वरतं काई अलग असन असं मले वाटत नाही. सगळ्यायनं सोडलं. तूच राह्यला, भिया.”

उत्तमसिंग म्हणाला की देवाचा न्याय आणि नसाब यांत फरक आहे. तो तिनं मान्य केला. देवाची तक्रार वेगळी असेल, पण देवाच्या वतीनं त्या दिवशी तूच बसला होतास ना, असं तिनं विचारलं. सहा महिन्यांच्या शिक्षणात पुनरुत्थान आणि न्याय हा भाग एका दुपारी उरकला होता, तोही जेवणानंतर.

खडा त्याच क्षणी तोंडात टाकता आला असता. पण ओट्यावर पाहायला कोण होतं? बबिता आणि एक शेळी. म्हणून तो तिला आईची हाक देत म्हणाला, “रविवारी भरव याडी, सगळ्यायच्या समोर. नायकालेही आण.” आणि रुक्माबाई गेल्यावर त्यानं ती मघाची चार गोष्टींची बेरीज केली.

बेरीज जमली, पण वचनं जमेनात.

अडलं ते इथं. त्याच पाचव्या अध्यायात, चार-पाच वचनं अलीकडं, दुसरं एक वचन आहे. त्याचा अर्थ असा की जो विश्वास ठेवतो त्याचा न्याय होतच नाही, तो मरणातून पार निघून जीवनात गेलेला असतो. उत्तमसिंगनं या वचनाखाली नाताळानंतर लाल पेनानं रेघ मारली होती. रात्री झोप येत नसे तेव्हा ते त्याला उशीसारखं कामाला यायचं. मी विश्वासी आहे, मी पार गेलो, संपलं. आणि खालचं वचन, वाईट करणाऱ्यांनी न्यायासाठी उठायचं, ते कपिलसाठी. दोन्ही वचनं वेगवेगळ्या दिवशी वाचली तर काही बोचत नव्हतं. आता रविवारच्या तयारीला ती एकाखाली एक लिहून काढली, तेव्हा कागदावर जे उमटलं ते असं होतं: ज्यानं खोटं सांगितलं तो पार, आणि ज्याच्यावर सांगितलं तो दारात उभा.

असं तर पुस्तकात नसणार. मग चूक वाचण्यात असणार. बुधवार आणि गुरुवार त्यानं अर्थ लावण्यात घालवले. वाईट म्हणजे नुसती थट्टा करणंही असेल, आणि थट्टा कपिलनं केलीच होती. पण मग रामधन बुढा कुठं उभा राहील? दुसरा अर्थ, ट्रक उलटताना शेवटच्या घटकेला पोरानं देवाचं नाव घेतलंही असेल. हा त्याला फार आवडला, रविवारी सांगायला तो त्यानं बाजूला काढून ठेवला. पण स्वतःला सांगायला तो पुरेना, कारण त्या अर्थातही कपिलला देवाची माफी लागत होती, आणि ज्याबद्दल लागत होती ते त्यानं केलं नव्हतं.

बबिता सुपात तूरडाळ पाखडत बसली होती. त्याची कुजबुज ती केव्हापासून ऐकत होती.

“तुमचं बरं हाये,” ती म्हणाली. “तुम्ही पार अन् पोरगं दारात. देवाची नसाबही आपल्या नायकासारखीच दिसते. साक्षीदारच बोलवत नाही.”

“कोण साक्षीदार?”

“मी नाही का? आकडा टाकाले बांबू कोणं धरला होता? आजवर मले कोणं इचारलं नाही. तिथं इचारलं तं सांगीन बाप्पा, देवापुढं खोटं बोलनं मले नाही जमाचं.” आणि ती पुन्हा डाळ पाखडायला लागली, जणू भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगितलं.

उत्तमसिंगनं शुक्रवारी उमरखेडला फोन लावला. एका विश्वासी माणसाचं असं असं आहे म्हणून सांगितलं, नाव टाळलं. पाळक म्हातारे होते आणि अशा निनावी माणसांच्या पुष्कळ गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या. त्यांनी दोन्ही वचनं खरी आहेत असं सांगितलं. न्याय कृत्यांवरून होतो हेही खरं आणि विश्वासानं माणूस पार जातो हेही खरं, आणि दोन्हींचा सांधा आपल्याला पूर्ण दिसत नाही. मेलेल्या माणसाबद्दल निकाल सांगायचा अधिकार पाळकाला नाही, न्याय करणारा दुसरा आहे आणि तो आपल्यापेक्षा बरा आहे, एवढंच आईला सांगावं. उत्तमसिंगला वाटलं, या उत्तरावर एकही घर येणार नाही. त्यानं भीत भीत विचारलं, आणि त्या विश्वासी माणसाचं? तो तर पार गेला ना?

“पार गेलेल्या माणसाला खरं सांगायची भीती कशाला वाटेल, उत्तमसिंग?” पाळक म्हणाले. “त्याला धरणार कोण? आणि भीती वाटत असेल, तर तो अजून अलीकडंच आहे. त्याला म्हणावं, लाल रेघ मारून नदी ओलांडता येत नाही.”

लाल रेघेचं त्यानं फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. मग आठवलं, पाळकांची स्वतःची प्रत त्यानं पाहिली होती. त्याच वचनाखाली, त्याच रंगाची.

रविवारी टिनाखाली जागा उरली नाही. नऊ घरं आली होती, लेकराबाळांसकट. उत्तमसिंगच्या बेरजेतली पहिली गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर मांडी घालून बसली होती. देवसिंग नायक आत आला नाही, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याच्या अंगावर नसाबीला घालतो तो पांढरा सदरा होता. रामधन बुढा लवकर येऊन पुढची जागा धरून बसला होता, आणि शेजाऱ्याला सांगत होता की एवढी गर्दी येशूच्या जन्मालाही झाली नव्हती.

गाणं झालं, वाचन झालं. रुक्माबाई उठली. ताटात गुळाचा एक खडा होता, मोठा, बहुतेक मुद्दाम मोठा निवडलेला. ती उत्तमसिंगसमोर आली, पोराच्या जागी उभी राहिली, आणि वाकून त्याच्या पायाला हात लावायला लागली. साठीची बाई, तांड्याची नायकीण. उत्तमसिंग मागं सरला. तिनं खडा उचलून त्याच्या तोंडासमोर धरला.

आता फक्त तोंड उघडायचं होतं. त्यानं ते उघडलंही. ट्रकमधल्या शेवटच्या घटकेचं वाक्य आत तयार होतं. त्याला रुक्माबाईची बोटं दिसत होती, गुळानं चिकट झालेली. ही बाई मंगळवारपासून आपल्या पोराचा गुन्हा घरोघर कबूल करत फिरते आहे, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. शेपटीचा, मोटारीचा, शिळेचा, आणि आता वायरचा. त्यानं खाल्ला की हा शेवटचाही कायमचा कपिलचा होणार होता. तांड्याच्या रिवाजानं नंतर कोणाला उकरताही आला नसता.

त्यानं तिच्या हातातून खडा आपल्या हातात घेतला.

“याडी, हा मले खाता येत नाही. हा तुले माह्या हातून खा लागन.”

बाहेरच्या माणसाला यातून काही कळलं नसतं. तांड्यात ते लहान लेकरालाही कळलं. गूळ कोणी भरवायचा आणि कोणी खायचा, एवढ्यातच तिथं सगळा निकाल असतो. मागच्या बाजूला एका बाईनं पोटाशी धरलेलं पोर खाली ठेवलं.

“वायर कपिलनं नाही कापली,” उत्तमसिंग म्हणाला. “मशीन माह्या आकड्यानं जळलं. वायर मीनं कापली.”

रुक्माबाई ओरडेल, मारेल, असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी त्याची इच्छा होती.

“मंग नसाबीत काहून नाही बोल्ला?”

“भेव वाटलं.”

“आज नाही वाटत?”

“वाटते.”

तिनं मान हलवली, जणू एवढं तरी खरं निघालं. मग ती दाराकडं वळली.

“अन् तुम्ही त्याले इचारलं होतं का हो?”

देवसिंगनं चौकट सोडली नाही. तो म्हणाला, “तो म्हणला होता, नाही कापली. मीनं म्हणलं, आंधी पाया पड.” सदऱ्याची वरची गुंडी सोडून तो अंगणात जाऊन उभा राहिला, टिनाकडं पाठ करून.

उत्तमसिंगच्या हातात खडा तसाच होता. त्यानं तो रुक्माबाईसमोर धरला. पाया पडायला तो वाकला, तिनं पाय मागं घेतले.

“हा मीनं खायचा नाही,” ती म्हणाली. “ज्यानं खायचा हाये तो मातीत हाये. तूच म्हणते ना, तो उठन म्हणून. उठला म्हणजे त्यालेच देजो. त्यानं खाल्ला तं खाल्ला.”

ती गेली. तिच्यामागं बायका उठल्या, आणि बायकांमागं पुरुष. उत्तमसिंगचं गणित चुकलं नव्हतं, नऊ घरं तिच्यामागंच चालली होती.

तो उभाच राहिला. इतकी वर्षं त्यानं कबरी उघडण्याचा दिवस दुसऱ्यांना सांगितला होता, कधी धीर म्हणून, जास्त वेळा धाक म्हणून. त्याला स्वतःला तो दिवस कधी लागला नव्हता. तो तर पार गेलेला होता. आता मात्र जगात एकच माणूस त्याला सोडवू शकत होता, आणि त्या माणसाला आधी मातीतून उठावं लागणार होतं. कपिल न उठला तर हा गूळ कोणाला द्यायचा? आणि उठला, समोर आला, आणि त्यानं विचारलं की उत्तमभिया, तू तेव्हा कोणतं पान वाचत होतास, तर काय सांगायचं? दोन्ही वचनांचा सांधा त्याला अजूनही दिसत नव्हता. पण त्या सांध्यातच आपण उभे आहोत, एवढं त्याला पायाखालून कळत होतं.

आता कोणी काय भरलं, ते पाहू.

उत्तमसिंगच्या हातून प्रार्थनाघर गेलं. उमरखेडच्या मंडळीनं वर्षभर त्याला पुढं उभं राहू नये असं कळवलं. रविवारी तो सतरंजीच्या कडेला बसतो आणि वाचणारा अडला तर हळूच शब्द पुरवतो. सतराचे सहा झाले. रामधन बुढा त्यांत आहे. तो म्हणतो, मी ऐकायला नाही, पुढं काय होते ते पाहायला येतो. तांड्यात उत्तमसिंग ‘उत्तम्या’च राहिला, पण आता तसं म्हणताना कोणी हसत नाही. बबितालाही भरावं लागलं; विचारलं तेव्हा तिनं बांबूचं सांगून टाकलं. नळावर बायका तिला विचारतात की बांबू तू धरला होता, मग आठ महिने जीभ कोणी धरली होती? टोमणे मारणं तिनं बंद केलं. उत्तमसिंगला हवी होती ती शांतता घरात आली, आणि आता तो तिला बोलती करायला कारणं शोधतो.

देवसिंगची नायकी कोणी काढून घेतली नाही. नसाब बसली की तो आता आधी आरोपीला विचारतो, दोनदा विचारतो, उत्तर आलं तरी पुन्हा विचारतो, आणि लोक कंटाळून चुळबुळ करतात. घरी रुक्माबाई त्याला वेळेवर ताट वाढते आणि त्याच्याशी बोलत नाही. नाल्याकडं ती पूर्वी त्याच्यासोबत जायची, आता दोघं वेगवेगळ्या वेळी जातात. तिला पोरगा निर्दोष मिळाला आणि नवरा गेला. कोणतं मोठं, हे तिला विचारायची हिंमत तांड्यात कोणात नाही.

पण हे सगळे हप्त्याहप्त्यानं भरताहेत, आणि उशिरा. एकरकमी, आगाऊ आणि सगळ्यांच्या वाटचं एकट्या कपिलनं भरलं, आणि त्याच्याकडं मुळात काही निघतच नव्हतं.